इत्तोला सोसेल अशी सीट

डोंगरपायथ्याच्या बेनी मलाल गावात, टॅक्सी अड्ड्यामागे बुश्ताचं दुकान होतं. तो गाड्यांच्या सीट शिवायचा. त्याच्याकडे कापड निवडायला गेलेल्या माणसाने स्वतः कापड निवडलंय, असं मात्र कधी घडलं नाही. निवडायचा बुश्ता. गिऱ्हाइकाने फक्त बसायचं.

बसायचं म्हणजे खरोखरच बसायचं. दुकानात एक उतरती फळी होती. तिच्यावर नमुना ताणून तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "टेक." माणूस घसरला की कापड बाद. उठताना पँट ओढली गेली की तेही बाद. मग उलटतपासणी सुरू. गाडीत कोण कोण बसतं, पोरं काय सांडतात, सासू अंगाने कशी आहे. नुकतंच लग्न झालेल्या एकाने पांढरं रेक्झिन मागितलं तेव्हा बुश्ता म्हणाला, "सासऱ्याची ऑलिव्हची बाग आहे ना? तेलाचे डबे याच गाडीतून येणार ना? मग काळं घे आणि सुखाने नांद."

प्रत्येक कापडाविषयी त्याचं मत ठाम होतं, आणि कुणी विचारण्याची तो वाट बघत नसे. रेक्झिन उन्हात तापतं, पण फडकं मारलं की साफ. मखमल म्हणजे धूळ साठवायची हौस. चामडं त्याने घ्यावं ज्याची गाडी दुसराच कुणीतरी पुसतो. आणि बैठकीच्या खोलीत लावतात ते जरीचं कापड बैठकीतच शोभतं, कारण गाडी काही बारा महिने लग्नाच्या मांडवात उभी नसते. एवढं बोलून झालं की तो नाक वर करून कापडाचा वास घ्यायचा. आपलं नाक सगळ्या तालुक्यात तिखट आहे, असा त्याचा समज होता. हा समज कुणी खोडला नाही, कारण बुश्ताशी वाद घालायला लागणारा वेळ कुणाकडेच नव्हता.

एके दिवशी हम्मू ड्रायव्हर आला. त्याची जुनी मर्सिडीज टॅक्सी बेनी मलालहून डोंगर चढून अझिलालला जायची. पुढे दोघं, मागे चौघं, आणि सहावा माणूस मिळेपर्यंत गाडी जागची हलायची नाही.

"उस्ताद, सोनेरी जरी लावायची. पुढे-मागे सगळीकडे."

"रस्ता कुठला मारतोस?"

"अझिलालचा. तुम्हाला माहीत नाही का?"

"मला माहीत आहे. तुझ्या लक्षात आहे का ते बघत होतो. त्या रस्त्यावर सरळ असं फक्त आकाश आहे. मागे जरी लावलीस तर चौघं जण डाव्या वळणाला उजवीकडे जाणार, उजव्या वळणाला डावीकडे. त्यात कुणाची तरी लेक असणार, कुणाची तरी सून असणार. धरणापर्यंत पोचेतो तुझ्या गाडीत एक तर सोयरीक जुळेल, नाहीतर डोकं फुटेल."

"त्या मिमूनने वाघाचे पट्टे लावलेत. लोक गाडीकडे बघत राहतात."

"बघू देत. बसतात मात्र नंबर लागला असेल तिच्यात. मग तिच्यावर वाघ असो की उंदीर."

हम्मू हिरमुसून निघाला आणि दारातून परत वळला. "अरे हो, तुमच्या सासूबाईंचा निरोप आहे. डोळ्यांत सारा आलाय, नजर जात चाललीय म्हणाल्या. इत्तोचं तोंड दिसतंय तोवर तिला एकदा घेऊन या."

बुश्ताच्या हातातली हातोडी तशीच राहिली. सासू हद्दा, जिला सगळे मानाने लाल्ला हद्दा म्हणत, डोंगरात राहायची, अझिलालच्या अलीकडच्या फाट्यावर. आणि बुश्ताच्या बायकोला, इत्तोला, टॅक्सी सोसत नसे. चढ लागला की ती पांढरी पडायची, दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला गाडी थांबवावी लागायची, आणि मग हात-तोंड धुऊन दोघं उतारावरच्या गाडीने घरी. असं इतक्यांदा झालं की शेवटी तिने माहेरचं नाव काढणंच सोडलं होतं.

एकटीला पाठवावं, तर तेही जमण्यासारखं नव्हतं. नवऱ्याशिवाय माहेरी उतरलेली बाई रुसूनच आलेली असते, यावर डोंगरात सगळ्यांचं एकमत. मग नवऱ्याने मेंढा नाहीतर साखरेचे सुळके घेऊन मनधरणीला यायचं, चार म्हाताऱ्यांनी मधे पडायचं, असा सगळा तमाशा. इत्तोच्या आईने हे ऐकून डोळ्यांत राहिलेला उजेडही रडून घालवला असता.

बुश्ताने रोगाचं निदान केव्हाच करून ठेवलं होतं. दोष रेक्झिनचा. तापलेल्या रेक्झिनचा उग्र दर्प आणि ते चिकटवायला खाली लावलेलं सोल्यूशन. साऱ्या गावाच्या बुडाला काय सोसेल ते आपण सांगतो आणि घरच्या माणसाला सोसेल अशी एक सीट आपल्याला शिवता येत नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली. त्याने हम्मूला हाक मारून परत बोलावलं.

"पुढे तुझी जरी. मागची सीट माझ्या मनासारखी. कबूल?"

"मागे काय लावणार?"

"ते अजून तिने सांगितलेलं नाही."

तिने सांगितलं नव्हतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. बुश्ताने घरातल्या बैठकीच्या गाद्यांवर रोज नवीन कापड चढवायला सुरुवात केली. इत्तो येऊन बसायची, तो चहा ओतता ओतता डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिचा चेहरा निरखायचा.

"आज पुन्हा गादीने कपडे बदलले वाटतं," इत्तो म्हणाली. "माझ्यापेक्षा तिचीच चैन आहे."

"कसं वाटतंय?"

"खाजतंय."

दुसऱ्या कापडाला ती म्हणाली, याला शेजारणीच्या तळणाचा वास मारतोय. तिसऱ्यावरून ती सरळ उठूनच गेली. शेवटी त्याने एक जाड लोकरी कापड चढवलं, आपल्या घोंगडीच्या पोताचं, गडद तपकिरी. इत्तो त्यावर टेकली, पाय वर घेतले आणि चहा निवायच्या आत तिचा डोळा लागला. बुश्ता आनंदाने इतका वेडा झाला, की तिला उठवून विचारायला निघाला होता, झोप कशी लागली म्हणून.

मग त्याने हम्मूची मागची सीट पार हाडापर्यंत उघडी केली. फोमवर सोल्यूशनचा एक थेंब लागू दिला नाही. सगळं हाताने टाचलं, धावदोऱ्यावर धावदोरा. बोटांची चाळण झाली. पुढच्या सीटवर हम्मूची सोनेरी जरी त्याने नाक मुरडत चढवली. काम झाल्यावर मागची सीट त्याने नाकाने अशी तपासली, की अड्ड्यावरच्या लोकांना वाटलं उस्ताद नमाज पढतोय.

निघायच्या दिवशी त्याने ठेवणीतला झगा काढला. त्याच्या आईने स्वतःच्या हाताने कातून विणलेला, लग्नातला. आई जाऊन वर्षं लोटली तरी लोकरीला कुठे भोक नाही, कारण तो झगा बुश्ता दुकानातल्या कपाटात ठेवायचा. तिथे कसर फिरकत नसे, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता.

मागे खिडकीशी इत्तो, तिच्याशेजारी बुश्ता, मग लाल्ला रक्किया नावाची एक फटकळ म्हातारी, आणि दुसऱ्या दाराशी सुटीवर निघालेला एक शिपाई. पुढे एक लठ्ठ मधवाला आणि एक किडकिडीत शिंपी. काचा बंद. काच खाली करायचा दांडा साऱ्या टॅक्सीत एकच, आणि तो हम्मूच्या खिशात. इत्तोने तो मागताच लाल्ला रक्किया म्हणाली, "नको गं बाई. वाऱ्याने माझी मान धरते." या मुलखात वाऱ्याने मान धरते म्हटलं की पुढे कुणी बोलत नाही.

चढ लागला. पहिल्या वळणाला मधवाला शिंप्यासकट हम्मूच्या मांडीवर आला. दुसऱ्या वळणाला दोघं दारावर गेले. "जरा धरून बसा की," हम्मू ओरडला. "कशाला धरू? तुझ्या कानाला?" मधवाला म्हणाला. मागची चौघं मात्र गोणीत भरलेल्या बटाट्यांसारखी जागच्या जागी घट्ट. बुश्ताची छाती फुगली. तो इत्तोकडे सरकला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "बघ, जराही घसरत नाही. आणि वास? वास घेऊन बघ."

इत्तोने वास घेतला. तिचा चेहरा पांढरा पडला. "थांबवा," ती म्हणाली.

रस्त्याच्या कडेला इत्तो ओणवी होती आणि बुश्ता मागे उभा राहून सीटला शिव्या देत होता. रंगाच्या कारखान्यावर त्याचा संशय. मग फोमवर. मग ज्या मेंढीची लोकर होती तिच्यावर.

लाल्ला रक्किया खाली उतरली. तिने आधी सीटचा वास घेतला आणि मग, कुणाला काही न विचारता, बुश्ताच्या खांद्याचा.

"सीटला कशाला बोल लावतोस बाबा? पंक्चरचं सगळं दुकान तर तू अंगावर घालून आलायस. माझं डोकं केव्हाचं चढलंय."

बुश्ताने बाही नाकाशी नेली. त्याला काहीच वास आला नाही. रात्रंदिवस सोल्यूशनच्या डब्यांत वावरणाऱ्याला तो कसा येणार? त्याने इत्तोकडे पाहिलं. इत्तो डोक्यावरच्या रुमालाने तोंड पुसत दरीकडे बघत होती.

"दरवेळी हाच झगा होता?"

"दरवेळी प्रवासाला तुम्ही हाच घालता. घरातले कपडे मी गच्चीवर वारा खायला टाकते. हा दुकानातल्या कपाटातून थेट गाडीत."

"इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुमच्या आईने विणलाय तो. त्या झग्याला घाण येते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि तुम्ही त्या रेक्झिनला शिव्या घालण्यात इतके खुशीत असायचात."

बुश्ताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसावं की जमिनीत गडप व्हावं, ते कळेना. आपण गादीचा चेहरा वाचला, कापडाचा वाचला, आणि ही बाई मुकाट्याने आपल्या आईचा मान राखत स्वतःच्या आईवाचून राहिली.

त्याने दार उघडून इत्तोला आत बसवलं आणि बाहेरूनच लावून घेतलं. "हम्मू, हिला फाट्यावर उतरव. मी मागून येतो."

"एकटी जाऊ?" इत्तो म्हणाली. "लोक म्हणतील रुसून आली."

"म्हणू देत. लोकांची तोंडं कुठे जात नाहीत. तुझ्या आईचे डोळे थांबणार नाहीत." मग तो हम्मूला म्हणाला, "तो दांडा तिच्या हातात दे. आणि लाल्ला रक्किया, तुम्ही मानेला फडकं बांधा."

टॅक्सी गेली. बुश्ता झगा काढून दगडावर पसरून बसला, पण डोंगरातल्या थंडीने त्याला तो पुन्हा घालायला लावला. खालून येणाऱ्या टॅक्स्या सगळ्या भरलेल्या. सहा म्हणजे सहा, सातव्याला जागा नाही. शेवटी अझिलालच्या बाजाराला निघालेला मेंढ्यांचा ट्रक थांबला. पुढे ड्रायव्हरजवळही जागा नव्हती. "मागे चढ," ड्रायव्हर म्हणाला, "फक्त त्या शिंगवाल्याच्या वाटेला जाऊ नकोस." बुश्ता चढला. प्रत्येक वळणाला मेंढ्या त्याच्यावर आल्या, तो मेंढ्यांवर गेला. सीट कशी असावी हे सांगणाऱ्या उस्तादाच्या बुडाखाली तेव्हा लेंड्या होत्या, आणि त्याची काही तक्रार नव्हती.

फाट्यावर अर्धं गाव जमलं होतं. हद्दाची लेक रुसून आलीय, ही बातमी गाडीच्या धुळीआधी पोचली होती. त्यात नवरा मेंढ्यांच्या ट्रकमधून उतरला, म्हणजे प्रश्नच मिटला.

"मनधरणीला आला," एक म्हातारा समाधानाने म्हणाला. "कुठला मेंढा आणलास? तो शिंगवाला?"

बुश्ताने तोंड उघडलं. भांडण झालेलं नाही म्हणून सांगावं, तर मग बायको एकटी का आली ते सांगावं लागणार, आणि ते सांगण्यापेक्षा मेंढा बरा. त्याने ड्रायव्हरला पैसे मोजले आणि शिंगवाला उतरवून घेतला. गावाने त्याला मिरवत सासूच्या दारी नेलं, मेंढा पुढे, तो मागे.

लाल्ला हद्दा खिडकीशी बसली होती. इत्तोचा चेहरा तिने दोन्ही हातांत उजेडाकडे धरला होता. दुपारपासून सोडलाच नव्हता, म्हणे. नाक दिसतं, कपाळ दिसतं, हनुवटीवरचं गोंदण जरा पुसट दिसतं, असं ती एकेक करून सांगत होती.

"जावई आलेत," कुणीतरी म्हणालं.

म्हातारीने हात पुढे केला. हाताला आधी झगा लागला. तिने लोकर बोटांत चोळली, उलटी करून चोळली, नाकाशी नेली. ती स्वतः जन्मभर माग चालवलेली बाई.

"मेंढ्यांत बसून आलास वाटतं, दुसरा कसला वासच उरला नाही. विण कुणाची?"

"आईची," बुश्ता म्हणाला.

"चांगला हात होता तिचा." मग ती लेकीकडे वळली. "असल्या घरावर रुसून आलीस होय? काय केलं याने एवढं?"

गाव कान टवकारून दारात उभं होतं. बुश्ताने मान खाली घातली. इत्तोने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा अंगणातल्या मेंढ्याकडे.

"जाऊ दे आई. मेंढा आणलाय तर या खेपेला माफ केलं," ती म्हणाली, आणि उठून बुश्ताला अगदी खेटून बसली, झग्याच्या बाहीवर गाल टेकून, आणि जेवणाचं ताट येईपर्यंत तिथून हलली नाही.