बॅटरीवरचं हळदकुंकू

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी., तोही पदार्थविज्ञानाचा. म्हणून नौपाड्यातल्या डॉक्टरांची मोटार सुरू होईना तेव्हा त्यांनी मलाच बोलावलं. कोपरीत एक बाई बाळंतपणात अडली होती.

बटण दाबलं की स्टार्टर नुसता टक् करून गप्प बसायचा. दिवे मात्र लागत होते. म्हणजे बॅटरी शाबूत, असं मी ठामपणे सांगितलं आणि स्टार्टर खोलायला बसलो. बॅटरीच्या टोकांवर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू जाड थापलेलं होतं. पूजेचं पुसायचं कसं, म्हणून तिथं मी हातच लावला नाही.

अर्धा तास गेला. डॉक्टर चिडले. "अहो पदवीधर, मूल काही तुमच्यासाठी थांबणार नाही!"

तेवढ्यात माझे वडील त्यांचा टांगा घेऊन तिथून चालले होते. खाली न उतरताच म्हणाले, "बसा डॉक्टरसाहेब. माझ्या घोडीला बटण लागत नाही."

टांगा कोपरीकडे गेला. मी चरफडत हळदकुंकू खरवडलं. खाली साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या थरानं वायरची पकड पार सैल केली होती; दिव्यांपुरती वीज जात होती, स्टार्टरला पुरत नव्हती. ती घासून आवळली, तर पहिल्याच बटणाला मोटार सुरू झाली. बघायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी वडिलांनी मुलगा झाल्याचं सांगितलं. मोटारीचं विचारलंसुद्धा नाही.