रामराव अण्णांचा डेटिव

आमच्या येलहंक्याच्या जर्मन क्लासचे किस्से म्हणजे किचनमधल्या कॅरीबॅगा. एक ओढावी, तर चार बाहेर येतात! आणि हल्ली कुठलीही ओढली तरी रामराव अण्णाच निघतात.

अण्णा इथल्या, कानडी मुलखातल्या, जुन्या मराठी घरातले. उभा जन्म पीण्या इंडस्ट्रियल एरियात लेथ मशीनवर गेला. पहिल्या दिवशी मिसनी विचारलं, "जर्मन कशासाठी?" आम्ही सगळे नोकरी, व्हिसा. अण्णा म्हणाले, "नात तिकडे असते. सून तिकडचीच. पोरीला जर्मनशिवाय काही येत नाही, आणि मला जर्मन सोडून सगळं येतं!"

*

जर्मनमध्ये वेळ सांगायची म्हणजे आधी विभक्ती निवडा. 'झाइट', म्हणजे 'पासून', आला की डेटिव. 'फ्यूर', म्हणजे 'साठी', आला की अक्युझेटिव. आम्ही ठोकून द्यायचो. अण्णा डोळे मिटून बसायचे.

पुण्याची प्राची वैतागली. "काका, बोलून टाका ना! चुकलं तर चुकलं!"

"पीण्यात असं म्हटलं असतं, तर माल परत आला असता, अक्का!"

*

एकदा रिक्षात बसले ते "डेटिव, अक्युझेटिव, जेनिटिव" पुटपुटतच. रिक्षावाल्याने पार हेब्बाळपर्यंत ऐकून घेतलं, मग रिक्षा बाजूला लावली. "अण्णा, तुमचं सरी, ठीक आहे. पण ते तिघं कुठे उतरणार?"

शप्पथ, खरं आहे!

*

दर रविवारी व्हिडिओ कॉल. नात "ओपा!" म्हणायची, म्हणजे आजोबा. अण्णा नुसते हसून हात हलवायचे. मिस म्हणाल्या, "पोर काय व्याकरण तपासणार आहे, अण्णा?"

"मग कोण तपासणार? आजोबा तिचा आहे."

*

शेवटी एक वाक्य तयार झालं. त्या रविवारी अण्णांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. फिल्टर कॉफी झाली. कॉल लागला. नात बाहुली घेऊन समोर आली. "ओपा!"

अण्णांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

पोरीने वाट पाहिली. मान वाकडी करून पाहिली. बाहुलीचा हात हलवून दाखवला. प्राची कुजबुजली, "काका, बोला!" अण्णांनी बोट वर केलं. थांब.

पोरीने बाहुली खुर्चीत ठेवली आणि पळाली.

अण्णांनी डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "झाइट आइनेम याऽर वार्टे इश आउफ डिश." वर्षभर तुझी वाट बघतोय.

स्क्रीनवर बाहुली.

मग अण्णा मिसकडे वळले. "डेटिव बरोबर लागला ना?"

"अगदी बरोबर, अण्णा," मिस म्हणाल्या.