माळावर चढणारी पिकअप

जुनी पिकअप विकत घ्यायला मी बीड जिल्ह्यात निघाले आहे, हे ऐकून माझ्या भावाने मला वेड्यातच काढलं. सासवडजवळ आमची रोपवाटिका आहे. कलमं मी बांधायची आणि गाड्यांतलं त्याला कळतं, अशी आमच्या घरात समजूत आहे. ती त्याची त्यानेच करून घेतली आहे. त्याच्या पसंतीने आणलेली नवी कोरी गाडी गेल्या जूनमध्ये दिवेघाटात मध्येच उभी राहिली. समोर एक पिवळा दिवा लागला होता, आणि तो विझवणारा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत मागची आंब्याची कलमं उन्हाने माना टाकून बसली. त्याच दिवशी मी ठरवलं, की आता जिला पाना लावला की दुखणं कळतं, अशीच गाडी घ्यायची.

पण आमच्याकडे जुनी पिकअप मिळते कुठे? ज्याच्याकडे आहे तो विकत नाही, आणि विकणारा नव्या गाडीचे पैसे मागतो. शेवटी आम्हाला शेणखत पुरवणाऱ्या केजच्या माणसाने बातमी आणली, की युसूफ वडगावच्या अलीकडे एका गावातली दूध संस्था आपली गाडी काढते आहे. एकाच ड्रायव्हरच्या हातची गाडी. मी पिशवी भरली आणि सकाळची एसटी धरली.

पहिला मुक्काम बीडमध्ये केला आणि दुसऱ्या दिवशी केजची गाडी पकडली. मांजरसुंब्याचा घाट चढताना दोन्ही बाजूंना बालाघाटचे डोंगर उघडेबोडके दिसत होते. सीताफळीच्या झुडपांना पान नव्हतं. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती आणि चैत्र संपायच्या आतच विहिरींचे तळ दिसू लागले होते. खिडकीत बसल्या बसल्या मला एक गोष्ट मात्र आढळली आणि मी मनातून खूश झाले. रस्त्यावर नव्या गाड्या होत्या, चकचकीत होत्या. पण जिच्या हौद्यात पाण्याची काळी टाकी बांधलेली होती, ती प्रत्येक गाडी जुनी होती.

नेकनूरला बस चहापाण्याला थांबली. हॉटेलच्या बाकावर शेजारी एक म्हातारेबुवा बशीत चहा ओतून पीत होते. जुन्या पिकअपला इकडे काय भाव आहे, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"पावसाळा चांगला असला की तिला कोण इचारत न्हाई," ते म्हणाले. "दुष्काळ पडला की म्हातारीला लई स्थळं येत्यात."

केजला बस बदलून गावाच्या फाट्यावर उतरले तेव्हा मला न्यायला तीच गाडी आली होती. पांढरा रंग उडून दुधावरच्या सायीसारखा पिवळट झालेला, दरवाजाला आतून दोरी. चालवणारा निवृत्ती पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. एकोणीस वर्षं ही गाडी त्याच्याच हातात आहे, एवढं त्याने आपणहून सांगितलं. मी बोनेट उघडायला लावलं, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे मोजले, धूर पाहिला. मागच्या चाकांना एक ज्यादा पाटा घातलेला होता. मला गाडी पाहताक्षणी आवडली होती, पण चेहऱ्यावर ते दिसू द्यायचं नाही एवढी अक्कल मला आहे.

संस्थेचे चेअरमन रंगनाथराव पूर्वी हेड्या, म्हणजे जनावरांचे व्यापारी, होते. दूध संकलन केंद्राच्या ओसरीवर त्यांनी मला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचं झणझणीत कालवण, कांदा, आणि शेवटी गावच्याच भट्टीतला खवा. जेवता जेवता त्यांनी सगळं मोकळेपणाने सांगितलं. दुष्काळाने दूध निम्म्यावर आलं होतं, तालुक्याचा संघ आता थंड केलेलंच दूध घेणार होता, आणि थंड टाकीची नवी गाडी आणायची तर जुनी काढण्यावाचून इलाज नव्हता. संस्था टिकली पाहिजे, असं ते दोनदा म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यांच्या विक्रीची रीत मात्र न्यारी होती. लिलाव पुकारायचा नाही. बैलाचा सौदा करतात तसा हा सौदा टॉवेलखाली करायचा. दोन लाखांच्या वर किती, ते बोटांनी सांगायचं: एक बोट धरलं की दहा हजार, अख्खा पंजा धरला की पन्नास. नवी आणली तेव्हा जेवढे पडले, जवळजवळ तेवढेच आज हिचे येतील, असं म्हणून ते हसले. प्रत्येकाला एकदाच हात घालायचा. चेअरमनला पटलं नाही तर ते मान हलवणार, पटलं तर हात दाबणार. कोणी किती बोटं धरली ते दुसऱ्याला कळत नाही आणि नंतरही कोणी सांगत नाही. सौदा दुसऱ्या दिवशी दुपारी होता.

"बैल रिकामा पळवून घेत न्हाईत, ताई," ते म्हणाले. "सकाळी जुंपून बघा."

जुंपायचं म्हणजे काय, ते सकाळी कळलं. गावापासून वर माळावर बारा घरांची वस्ती आहे. निवृत्ती रोज खालून पाण्याची टाकी भरून वर नेतो आणि येताना वस्तीचं दूध खाली आणतो. त्या दिवशी स्टिअरिंग माझ्या हातात आलं. चढ सरळ अंगावर येणारा, वाट दगडांची आणि धूळ घोट्यापर्यंत. वाटेत एका गोठ्यापाशी बरंच पाणी उतरवलं आणि मी दामटून पुढे निघाले. दुसऱ्या वळणावर टाकीतलं पाणी धाडकन मागे गेलं, पुढची चाकं हलकी झाली आणि गाडी बंद पडली. निवृत्तीने शांतपणे हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागे दगड लावला.

"चूक माजीबी हाय," तो म्हणाला. "अर्धी टाकी कदी चढवायची न्हाई. भरलेली न्यावी, न्हाईतर रिकामी."

त्या धक्क्याने डिझेलच्या नळीत हवा धरली होती. त्याने एक पाना घेतला, नळीचं तोंड सैल केलं, अंगठ्याने हातपंप मारला, फेस जाऊन निखळ डिझेल येईपर्यंत वाट पाहिली आणि तोंड पुन्हा आवळलं. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात गाडी सुरू झाली. दिवेघाटातला तो पिवळा दिवा आणि लॅपटॉपवाला मला आठवला, आणि ही गाडी आता काहीही करून न्यायचीच, असं मी त्या दगडांच्या वाटेवर मनाशी पक्कं केलं.

वस्तीवर बायका घागरी घेऊन उभ्याच होत्या. कोणी ढकलाढकली केली नाही. प्रत्येक घराच्या ठरलेल्या घागरी भरल्या, मग जनावरांची टाकी भरली, मग दुधाच्या किटल्या हौद्यात चढल्या. हा सगळा कारभार कौसाबाई नावाची साठीची बाई पाहत होती. वस्तीवरच्या बायकांचा बचत गट तीच चालवते. तिने मला बाजेवर बसवलं आणि कोरा नव्हे, चांगला दाट दुधाचा चहा दिला.

"गाडी घ्याया आलाव व्हय?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने मान डोलावली आणि कपात आणखी चहा ओतला.

उतरताना मी निवृत्तीला विचारलं, की नवी गाडी आल्यावर वस्तीचं कसं. "बगू," म्हणाला आणि बाहेर पाहू लागला. मी पुढे विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याची मला कुठेतरी शंका होती आणि ते मला ऐकायचं नव्हतं. प्रवासवर्णनात माणसं स्वतःचे असले कोपरे गाळतात. मी गाळत नाही.

दुपारी केंद्राच्या ओसरीवर सौदा बसला. घेणारे तिघे होतो. तेलगावचा एक व्यापारी, मी, आणि तिसरा निवृत्ती. त्याला पाहून माझ्या आश्चर्याला पार राहिला नाही. मनात म्हटलं, एवढी वर्षं चालवली, आता मालक व्हावंसं वाटत असेल. व्यापाऱ्याने टॉवेलखाली हात घातला, चेअरमनने मान हलवली. निवृत्तीने हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला. चेअरमन त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी त्यालाही मान हलवली. निवृत्ती उठून खांबाला टेकून उभा राहिला.

माझी पाळी आली तेव्हा ओसरीवर कुजबुज झाली. बाईमाणसाने हात घालायचा म्हणजे काय! चेअरमन म्हणाले, तुम्ही मला लेकीसारख्या, पण वाटलं तर तुमच्या वतीने एखादा गडी पाठवा. माझ्या वतीने मी स्वतःच आले आहे, असं सांगून मी टॉवेलखाली हात घातला आणि घासाघीस न करता त्यांचा अख्खा पंजा धरला. त्यांनी हात दाबला. सगळ्यांना गूळ वाटला गेला. भावाला फोन करून पैसे पाठवायला सांगितले तेव्हा माझी छाती दोन इंच फुगली होती, हे कबूल करते.

गाडीकडे गेले तर निवृत्ती हौद्यातून पाण्याची टाकी सोडवत होता. टाकी वस्तीची होती, म्हणून उतरवून ठेवत होता. मी त्याच्या मनाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, तुलाच मिळायला हवी होती गाडी.

"मी कुटं घेत हुतो, ताई? माळावरच्या बायांनी गटातलं सगळं गोळा करून मला धाडलतं. त्या टॉवेलखाली हात कशा घालतील?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवी गाडी गेल्या महिन्यात दाखवायला आणली होती, ती दुसऱ्या वळणाच्या वर गेलीच नाही. वस्तीचं दूध आता खाली येणार नव्हतं आणि पाणी वर जाणार नव्हतं. म्हशी विकायच्या, नाहीतर त्यांना घेऊन खाली चाऱ्याच्या छावणीत यायचं, एवढंच त्या बारा घरांच्या हातात उरलं होतं. मला राग आला, त्याचा आणि त्याहून जास्त माझा. म्हटलं, अरे, सकाळी एवढा वेळ माझ्या शेजारी बसला होतास, मग बोलला का नाहीस? कौसाबाई तरी का बोलली नाही?

तो चकित होऊन माझ्याकडे पाहू लागला.

"सौद्याआदी गरज सांगत्यात व्हय?" तो म्हणाला. "मग त्यो सौदा कसला? ती भीक झाली की."

मी त्याला टाकी परत बांधायला लावली. ती खालच्या हौदावर काठोकाठ भरून घेतली आणि गाडी मी चालवली. या वेळी एकाही वळणावर बंद पडू दिली नाही. कौसाबाई दारात शेंगा निवडत होती. सौदा कोणाला गेला ते तिला आधीच कळलेलं होतं. मी म्हटलं, गाडी मला विकायची आहे, घेता का? तिने सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि उजव्या हातावर स्वतःचा पदर ओढून घेतला.

मी पदराखाली हात घातला. "मला एवढ्याला पडली," असं म्हणून तिची दोन बोटं दाबली. धडधडीत खोटं. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने माझी तीन बोटं घट्ट धरली.

मी डोकं हलवलं, पुन्हा तिची दोनच बोटं धरली. तिने सोडवून घेतली आणि माझी तीन पकडून ठेवली. तिची बोटं खरखरीत होती.

"नफा घ्या, बाई," ती म्हणाली. "नफ्याबिगर दिली तर गाडी आमची व्हायची न्हाई."

मी तिचा हात दाबला. आजूबाजूला जमलेल्या बायकांनी काय ठरलं ते विचारलं नाही. एकीने घरात जाऊन गुळाचा खडा आणला. खाली येऊन चेअरमनना सांगितलं. मग गाडी तुमची, कुणाच्या नावावर करायची ते तुम्ही सांगा, असं म्हणून त्यांनी कागद स्वतःच्या हाताने बचत गटाच्या नावाने केला. निवृत्तीने मला फाट्यावर सोडलं आणि घाईने परत फिरला, कारण संध्याकाळचं दूध वर वाट पाहत होतं.

परतीच्या एसटीत मांजरसुंब्यापर्यंत मी आपल्याच कौतुकात होते. कशी बेमालूम थाप मारली, बाईला पत्ताही लागू दिला नाही. घाट उतरताना एकदम डोक्यात उजेड पडला. तीन बोटं हे त्यांचं सगळं होतं, निवृत्तीने टॉवेलखाली तीनच बोटं धरली होती, आणि चेअरमनने त्याला सगळ्यांसमोर मान हलवली होती. तीन बोटांना न मिळालेली गाडी मला दोन बोटांना पडली, हे मी कौसाबाईला सांगितलं होतं. तिला ते खोटं पहिल्या क्षणीच कळलं असणार. तरी तिने ते उघडं पाडलं नाही, माझी लाज राखली आणि वर मला नफा दिला. शेजारच्या बाईने मला रडता का म्हणून विचारलं. डोळ्यात धूळ गेली, असं मी म्हटलं.

घरी पोचले तेव्हा भाऊ फाटकातच उभा होता. माझ्या मागे रस्त्यावर बघत त्याने विचारलं, गाडी कुठे आहे?

"विकली," मी म्हटलं. "नफ्यात."