बायकोने भरलेला प्रकृतीचा फॉर्म

आमटी अळणी झाली म्हणून मी बायकोचा डावा हात पिरगळला आणि मनगटाचं हाड मोडलं. दवाखान्यात तिने सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. मुलगी मात्र फसली नाही. "बाबा, पुन्हा हात उचललात तर आईला कायमची घेऊन जाईन," ती म्हणाली. तिचं बोलणं पोकळ नसतं. मी मनातून टरकलो.

नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये एक निवृत्त वैद्यबाई योग शिकवायच्या. राग आवरेल या आशेने, पण त्यांना कारण न सांगता, मी तिथे नाव घातलं. त्या आधी माणसाची प्रकृती ठरवायच्या, मग आसनं. पित्ताच्या तापट माणसाला हळू, थंड करणारी; कफाच्या सुस्त माणसाला भरभर सूर्यनमस्कार आणि जोरजोरात श्वास घ्यायची भस्त्रिका. त्यांची एक अट होती. प्रकृतीचा फॉर्म आपण भरायचा नाही, घरच्या माणसाने भरायचा. स्वतःबद्दल कुणी खरं सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं.

प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून बायकोने फॉर्म भरला. मी शेजारी चहा पीत होतो. तो न वाचता नेऊन दिला, याबद्दल मला उगाच स्वतःचं कौतुक वाटलं.

बाईंनी कफ ठरवला. महिनाभर मी घाम गाळला, सुंठ-मिरी खाल्ली. अंगाची नुसती आग आग व्हायची. एका सकाळी टॉवेल जागेवर नव्हता, एवढ्यावरून मी पितळी तांब्या भिरकावला. तो तिच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं तरी ती ओरडली नाही, फरशी पुसायला बसली. तिच्या न ओरडण्याने माझं डोकं आणखी फिरलं आणि मी तिला लाथ घातली. लिहिताना लाज वाटते, पण घातली.

मग तणतणत बाईंकडे गेलो. चूक त्यांची, हे वाटेतच ठरवून टाकलं होतं. तुमच्या योगाने माझ्या घराचं वाटोळं केलं, म्हणालो. बाईंनी फॉर्म काढून समोर ठेवला. राग: येत नाही. बोलणं: हळू. वागणं: घरच्यांना सांभाळून घेतात.

दुसरा कोरा फॉर्म घेऊन घरी आलो. "खोटं का लिहिलंस?"

भुवईवर फडकं दाबत ती म्हणाली, "तुम्ही शेजारी बसला होतात."

मी कोरा फॉर्म पुढे केला. "बाहेर जाऊन बसा," ती म्हणाली. मी जिन्यात बसलो. आतून कडी लागली. दुपारी मुलगी आली, तेव्हाच दार उघडलं. दोघी बॅग घेऊन माझ्यासमोरून खाली उतरल्या. मी अडवलं नाही.

फॉर्म टेबलावर होता. 'राग' या शब्दापुढची जागा तिला पुरली नव्हती. मागची बाजू भरून तिने किराण्याच्या वहीतली पानं जोडली होती. पहिला प्रसंग लग्नानंतरच्या चौथ्या दिवसाचा. मी सगळं वाचलं. त्यातलं निम्मं मला आठवतही नाही.