सांजच्या फोनची अट

आबांनी अट घातली तेव्हा ते एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते आणि मी तिचं तोंड धरून बसले होते.

"रोज सांजच्याला मेंढरं वाडग्यात आली की मला तुजा आवाज ऐकू आला पायजे," ते मान वर न करता म्हणाले. "एक दिस जरी चुकला, तर धाकटीचं खेळणं बंद. मग रडारड चालायची न्हाय."

मी खो-खोच्या संघाबरोबर दहा दिवसांसाठी इंग्लंडला निघाले होते. धाकटी, म्हणजे माझी बहीण, तेव्हा चौदा वर्षांची. धाराशिवच्या निवासी शिबिरात तिचं नाव लागलं होतं, आणि मी परत यायच्या सुमाराला ते सुरू होणार होतं. मीही त्याच मैदानावर घडले, त्यामुळं तिथं राहून खेळणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. एकदा ती जागा गेली की पुन्हा कोण बोलावतंय? आबांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. आता त्यांनी पोरीचं सगळं नशीबच माझ्या फोनला बांधून टाकलं.

मला हसू आलं. फोन करणं ही काय अवघड गोष्ट झाली! मी परदेशातल्या मुलींना चकवा देऊन पळणार होते, मला एक बटण दाबता येणार नव्हतं?

पण आबांची अट उगाच नव्हती, हेही सांगायला हवं. त्याच्या दोन वर्षं आधी मी परराज्यात एका स्पर्धेला गेले होते. तिथं फोन बंद पडला आणि दोन दिवस मी घरी काही कळवलंच नाही. सुचलंच नाही, खोटं कशाला बोलू. परत येताना येडशी स्टेशनवर उतरले तर बाकावर आबा बसलेले. कोणत्या गाडीनं येणार ते ठाऊक नसल्यामुळं ते सकाळपासून प्रत्येक गाडी बघत होते. मेंढरं चुलत्याकडं सोपवलेली, पोटात फक्त चहा. मला बघताच त्यांनी माझी बॅग उचलली आणि ते चालायला लागले. बरोबरच्या मुली बघत होत्या म्हणून मला तेव्हा लाज वाटली होती. ती लाज वाटल्याची लाज मला अजून वाटते.

निघायच्या दिवशी धाकटी फाट्यापर्यंत सोडायला आली. एसटी दिसल्यावर तिनं माझी बाही धरली. "आक्का, हरली तर हर. फोन तेवढा चुकवू नगंस."

"हरायला चालले का मी?" मी तिला टपली मारली. "तू तुझी पिशवी भरायला घे."

आता माझा आगाऊपणा. आमच्या व्यवस्थापक बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं की आपल्याच सिमवर परदेशात चालणारा पॅक मारून घ्या. मी मात्र कुठंतरी वाचलं होतं की तिथलं सिम घेतलेलं बरं पडतं, आणि एकदा का माझ्या डोक्यात काही शिरलं की ते मी चार जणींना शिकवल्याशिवाय राहत नाही. विमानात मी शेजारच्या दोघींना त्यावर व्याख्यान दिलं. पोचल्या पोचल्या दुकानातून सिम घेतलं, माझ्या फोनची एकच खाच चालायची म्हणून घरचं सिम काढून कव्हरच्या आत ठेवलं, आणि बाईंना दाखवत म्हटलं, "बघा, झालं पण!"

तिकडं दुपारचे अडीच वाजले की आमच्याकडं संध्याकाळचे सात होतात, म्हणजे मेंढरं वाडग्याच्या कुंपणात येण्याची वेळ. आमच्या वस्तीवर रेंज मिळते ती फक्त त्या वाडग्यापाशी, उतारावर. घरात फोन धरून कितीही ओरडलं तरी उपयोग नाही. अडीचच्या ठोक्याला मी दुकानाबाहेरच्या बाकावर बसून फोन लावला. दोनदा वाजला आणि कट झाला.

मी निवांत होते. आमच्या घरची रीतच तशी. मी फोन केला की आबा तो कट करतात आणि स्वतः लावतात. पोरीचा पैसा जाऊ नये म्हणून. आता बोलणं फुकट झालंय हे मी त्यांना शंभर वेळा सांगितलं असेल, पण सवय ती सवय. म्हणून मी आपली त्यांच्या फोनची वाट बघत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा लावला, तर पहिल्याच घंटीला कट.

आबा रागावलेत का? घरी काही झालंय का? घरचं सिम घालून बघितलं तर पॅक नसल्यामुळं ते मुकं. बाईंचा फोन मागितला असता तर मिळाला असता, पण मग "मी सांगितलं नव्हतं?" हे ऐकावं लागलं असतं. धाकटीचं सगळं पणाला लागलेलं असताना मी माझं नाक सांभाळत होते. आता लिहितानासुद्धा स्वतःला एक थोबाडीत द्यावीशी वाटते.

आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. पडायला उशीरच झाला. थोड्या दिवसांपूर्वी गावच्या शाळेत कुणी साहेब येऊन फोनवरच्या फसवणुकीबद्दल सांगून गेले होते. अनोळखी परदेशी नंबर दिसला की उचलायचाच नाही. आबा पहिल्या रांगेत बसले होते आणि घरी येऊन त्यांनी आम्हालाच पुन्हा सगळं समजावलं होतं. त्यांना अक्षरं फारशी येत नाहीत, पण आकडे पक्के. आपल्या नंबराच्या सुरुवातीला काय असतं ते त्यांनी त्या दिवशी पाठ करून टाकलं होतं. आणि मी शहाणी इंग्लंडचा नंबर घेऊन त्यांना फोन लावत होते! बाप अगदी सांगितल्याप्रमाणं वागत होता.

पण मी त्यांचीच लेक. आमच्या घरी मिसकॉलची एक भाषा आहे. आबा डोंगरात असले की रेंज मिळेल त्या टेकाडावरून वाडग्यापाशी मला मिसकॉल देतात, बोलण्याइतकी रेंज टिकत नाही. एक मिसकॉल म्हणजे पोचलो. लागोपाठ दोन म्हणजे भाकरी घेऊन या. तीन म्हणजे पळत या, काहीतरी बिघडलंय. मी विचार केला, एक मिसकॉल तर कुणी चोरही देईल. तीन दिले तर बिचारे घाबरतील. म्हणून मी दोन दिले. जरा थांबले, पुन्हा दोन दिले. मग सरळ फोन लावला.

बराच वेळ वाजल्यावर उचलला गेला. आबा माझ्याशी बोलतच नव्हते, मागं वळून आईला सांगत होते, "अगं, ह्यो चोर भाकरी मागायलाय!"

"आबा, मी हाय!" मी इतक्या जोरात ओरडले की बाजूच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ दचकले.

"कोन मी?"

"तुमची थोरली!"

"असं? मग सांग, आपली लंगडी मेंढी कोन्त्या पायानं लंगडती?"

"मागच्या डाव्या."

आबा म्हणाले, "व्हय. तूच हाईस. मग आदी सांगायचं न्हाय व्हय? म्या तीनदा हाकललं तुला." आणि ते असे हसले की मला अडीच हजार कोसांवर त्यांचे पान खाऊन लाल झालेले दात दिसले. मागून धाकटीचा आवाज आला, "लागला का? लागला का?" मी तिथंच बाकावर डोळे पुसून घेतले.

त्यानंतर फोनला काही अडचण आली नाही. पहिले दोन दिवस आबांचे प्रश्न ठरलेले. जेवलीस का, थंडी हाय का, पांघराय दिलंय का. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच वेगळं विचारलं. "किती येळ टिकलीस?"

मी चाटच पडले. इतक्या वर्षांत त्यांनी खेळाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. मी जेमतेम दोन मिनिटं टिकून बाद झाले होते, तेही मी सरळ रेषेत पळत असताना एका उंच मुलीनं पाठीवर हात मारला म्हणून. मी ते सांगून टाकलं.

"सरळ पळू नगंस," आबा म्हणाले. "मेंढरू लांडग्याम्होरं सरळ पळतं म्हनूनच घावतं. त्येच्या अंगावर चालल्यागत करायचं आन मग वळायचं."

हेच आमचे सर गेली दहा वर्षं घसा कोरडा करून सांगत आले होते. पण आबांनी ते आमच्या रामलिंगच्या डोंगरात स्वतः बघून सांगितलं, त्यामुळं मला नव्यानं कळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी त्याच उंच मुलीच्या संघाविरुद्ध पूर्ण वेळ टिकले. सांजच्या फोनवर आबांना सांगितलं तर म्हणाले, "मग? म्या काय येडा हाय का?"

असे आठ फोन झाले, एकही चुकला नाही. शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. तो दुसऱ्या दिवशी सकाळी होता, म्हणून मी बेफिकीर होते. पण सकाळी हॉलवर गेलो तर वेळ बदललेली. सामना अडीचला, म्हणजे नेमका आबांच्या सातला.

मी लगेच घरी फोन लावला. तिकडं दुपार, आबा मेंढरं घेऊन डोंगरात. फोन क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सामन्याच्या अर्धा तास आधी बाईंनी सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा करायला सुरुवात केली. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. धाकटी, शिबिर, अट, सगळं. या वेळी नाक आडवं येऊ दिलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पण नियम तो नियम. "तुझ्या वतीनं मी करू का फोन?" त्यांनी विचारलं. मी नंबर दिला. त्यांनी माझ्यासमोर लावला, तर तो अजूनही क्षेत्राच्या बाहेर. मग त्यांनाही पंचांनी हाक मारली आणि माझा फोन पिशवीत गेला.

आता जे सांगते ते मी धाकटीला कधी सांगितलेलं नाही. मॅटवर उतरेपर्यंत ती माझ्या डोळ्यांसमोर होती. माझी बाही धरलेली, एसटीची धूळ अंगावर घेत उभी. शिट्टी झाली आणि ती गेली. साफ गेली. आबा गेले, अट गेली, सात वाजल्याचं भान गेलं. समोर फक्त खुंट होता, खाली बसलेल्या मुली होत्या आणि माझ्या मागं येणारा एक हात. मी त्या हाताच्या अंगावर चालून जायची आणि वळायची. मला त्यात इतका आनंद होत होता की तो डाव संपूच नये असं वाटलं. माझ्या धाकट्या बहिणीचं सगळं माझ्या हातून निसटत असताना मी आनंदात होते.

आम्ही जिंकलो. मुलींनी मला उचललं, गळ्यात पदक पडलं, फोटो झाले. फोटोत मी सगळ्यांत मोठ्यानं हसताना दिसते. तेवढ्यात समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं. चार वाजून गेले होते. तिकडं साडेआठ.

बाईंच्या हातातून पिशवी जवळजवळ हिसकावूनच मी हॉलबाहेर आले. काय बोलायचं ते भरभर जुळवून ठेवलं. वेळ बदलली, तुमचा फोन लागेना, बाईंना विचारा पाहिजे तर. चूक माझी, शिक्षा मला करा, मी खेळणं सोडते पण तिला जाऊ द्या. खरंच सोडलं असतं का? तेव्हा तरी मला तसंच वाटत होतं.

पहिल्याच घंटीला आबांनी उचलला. साडेआठला ते घरात, रेंजबाहेर असायचे, म्हणजे ते अजून वाडग्याजवळच बसून होते.

"आबा, माझं ऐकून घ्या, आज..."

"झाला का खेळ?"

"झाला. पण आबा, फोन..."

"पाय-बिय मुरगाळला न्हाय न्हवं?"

"न्हाय. जिंकलो आमी. आबा, फोन चुकला. लई चुकलं माजं." जुळवून ठेवलेलं सगळं विसरले. "धाकटीला..."

"धाकटी घरात पिशवी भरायलीय. परवाच्या दिशी सकाळच्या गाडीनं म्या सोताच नेऊन सोडतो तिला."

मी विचारलं, "आन अट?"

मेंढरांचा आवाज येत होता.

"सात वाजले, तुजा आवाज आला न्हाय," ते म्हणाले. "तुजी आई रडाया लागली. म्या म्हनलं, गप बस, पोरगी मैदानात आसंल. तवा कळलं मला, पोरीचा फोन आला न्हाय तरी म्या धीर धरून बसू शकतो. आता दुसरीलाबी जाऊ द्याया काय हरकत न्हाय."