सोडून गेलेल्या आजी

केबिन रोडवरच्या आमच्या गाळ्यात मी मासिक वर्गणीचं वाचनालय चालवत होतो. आजूबाजूला मोबाइलची दुकानं धडाधड उघडत होती आणि त्यातलाच एक दुकानदार आमचा गाळा मागत होता. बायको म्हणाली, "द्यायचा की नाही, गणपतीच्या आत ठरवू. पण 'मला वाटतं' नको. गेल्या गणपतीतले किती सभासद अजून टिकलेत, ते दाखवा."

मला असली कामं भारी आवडतात. सभासदांची कार्डं मी बिल्डिंग आणि खोली नंबरावर लावली होती. पुस्तकं घरपोच देण्याचा बेत होता. तो कधी पार पडला नाही, कार्डं मात्र तशीच राहिली. गेल्या गणपतीपर्यंतच्या सगळ्या जुन्या खोल्यांवर यंदा वर्गणी आली का, ते पाहिलं. निम्म्याहून जास्त खोल्या गळालेल्या! त्या दुपारी मी एक पोळी कमी खाल्ली.

लोकांनी का सोडलं, ते विचारायला थेट पेणकरपाड्यातल्या बिल्डिंगी गाठल्या. पहिलं दार एका अनोळखी माणसाने उघडलं. "वो फॅमिली? वो तो खाली करके गये." पुढच्या दाराशी तेच उत्तर. त्यापुढे कुलूप.

तोंड पाडून परतलो, तर गाळ्यात दर शनिवारी येणाऱ्या रत्नागिरीकडच्या आजी उभ्या.

"काय रे, आमच्या जुन्या बिल्डिंगीत गेला होतास म्हणे? शेजारणीचा फोन आला."

"हो ना आजी. तुम्ही वाचनालय का सोडलंत, ते विचारायला..."

बोलता बोलता मी त्यांच्याच पुस्तकावर तारखेचा शिक्का मारत होतो.

"मेल्या, मग हे हातात काय आहे तुझ्या?"

बायको इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. इथे बहुतेकांचं भाड्याचं घर, अकरा महिन्यांचा करार; तो संपला की सामान टेम्पोत. पत्ता बदलला की मी जुनं न काढता उत्साहाने नवं कार्ड करायचो. आजींची चार घरं झाली होती. माझ्या हिशेबात त्या चार बायका होत्या, आणि त्यातल्या तिघी मला सोडून गेल्या होत्या.

मग आम्ही येईल त्याला विचारू लागलो, "याआधी कुठे राहत होता?" कोणी जवळच्या खारी गावाचं नाव घेतलं, कोणी पार मिरा रोडचं. एक काका म्हणाले, "टेम्पोत तुमचं पुस्तक देवांच्या पिशवीत ठेवलं. एवढ्या सामानात हरवलं तर?"

घर सुटत होतं, शेजार सुटत होता, मुलांच्या शाळा बदलत होत्या. आणि आमचं अर्धवट वाचलेलं पुस्तक देवांना टेकून नव्या घरी जात होतं. असं काही आपल्या हातून चाललंय, याचा मला पत्ताच नव्हता.

मोबाइलवाला उत्तरासाठी आला तेव्हा आजीही होत्या. बायकोने सांगून टाकलं, "नहीं देना है, भैया. हमारे लोग कहीं गये ही नहीं."

"बरं झालं," वाचून झालेलं पुस्तक पुढे करत आजी मला म्हणाल्या. "आता ह्याचा दुसरा भाग काढ. आणि कार्डावर माझं नाव घाल बाबा, खोली नको. पुढच्या महिन्यात परत टेम्पो सांगायचाय."