पाळण्यासंगं दिलेली मोरी: तामलवाडी ते ढोकी

ढोकीला नातवाला बघायला चालले, असं म्या गल्लीत सांगितलं तवा ते निम्मं खरं होतं. निम्मं काम शेळीच्या रगताचं होतं.

आधी शेळीचं सांगते, न्हायतर पुढचं तुमाला समजायचं न्हाय. आमच्या तामलवाडीत गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या काळ्या उस्मानाबादी शेळ्या एकाच कळपात चरायला जातात. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, शेळीचं जुनंच राहिलं. तिला कुणी इचारलं न्हाय. ह्या शेळीला बाहेर लई मागणी, पण आता गिऱ्हाईक शहाणं झालंय, दाखला मागतं. कळपात गाभ टाकायचा रोग न्हाय, असा दाखला. डाक्टर त्याला ब्रुसेला म्हणतात, आमी गाभडायचा रोग म्हणतो.

दाखला एकटीचा मिळत न्हाय, कळपाचा मिळतो. एकूण एक शेळीच्या कानात नंबराचा बिल्ला मारायचा, सगळ्यांचं रगत तपासायचं, काही महिने सोडून परत तपासायचं. दोन्ही खेपेला सगळ्या चांगल्या निघाल्या तरच दाखला. एकीत रोग निघाला की समद्यांचं थांबलं. आमची पहिली खेप सुखरूप झाली. दुसऱ्या खेपेला डाक्टरांनी बिल्ले मोजले, तर एक कमी.

ती माझी मोरी. ती ढोकीला, माझ्या लेकीच्या घरी. आमच्यात पहिलटकरीण माहेरी बाळंत झाली नि लेकरू घेऊन सासरी निघाली, की पाळण्यासंगं दुभती शेळी देतात, लेकराच्या दुधाला. माझी लेक नंदा निघाली तवा म्या कळपातली चांगली शेळी दिली. नुकती गाभण राहिली होती, दूधबी देत होती.

डाक्टर म्हणाले, "मावशी, तिचं रक्त आल्याशिवाय कागद पुढं जायचा नाही. ढोकीच्या दवाखान्यात काढून घ्या नि धाराशिवला तपासायला द्या."

शेजारची शांताक्का तिथंच भडकली. कळपातला बोकड तिचा. सोलापूरकडचं गिऱ्हाईक त्या बोकडासाठी दाखल्याची वाट बघत बसलेलं. "तुला दुसरी शेळी गावली न्हाय व्हय? बिल्लेवालीच द्यायची?"

"मग नातवाला काय भाकड देऊ?"

"जा मग लवकर. का येळवसंचा सण करूनच येणार?"

मला राग आला, पण आतून गुदगुल्या झाल्या. नातवाला बघायला कारण गावलं होतं. सकाळी धपाटी बांधली, शेंगदाण्याची चटणी घेतली नि निघाले.

तामलवाडी ते तुळजापूर रस्ता झ्याक झालाय, पोटातलं पाणी हलत न्हाय. तुळजापूरवरून धाराशिवला गाड्या सारख्या असतात, आमा बायकांना अर्धं तिकीट, बसायला जागा मातर पुरी लागते. कंडक्टर म्हणतो, "मावशी, सरका." म्या म्हणलं, "किती सरकू, खिडकीतनं बाहेर?" धाराशिवच्या स्टँडवर उतरल्यावर आधी खव्याचे गुलाबजाम खायचे, हे ज्याला कुणाला जायचं असंल त्यानं ध्यानात ठेवावं. म्या खाल्ले नि इहीणबाईंसाठी बांधून घेतले. त्याचा मला नंतर पश्चात्ताप झाला, ते पुढं येईलच.

ढोकीची गाडी मातर कारखान्याच्या हंगामात धरायची तर सकाळची धरा. दुपारनंतर उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, दोन दोन ट्राल्या, वर ढीग, नि गाणी अशी की पुढच्या गावाला ऐकू जावीत. मागनं हॉर्न वाजवून आमचा डायवर दमला. ट्रॅक्टरवाला वळून बघंना. खाली ऊस पडतो, त्यावरनं मोटारसायकल घसरते, नि कुणाला काय पडलेलं न्हाय. माझं तोंड तिथनंच कडू झालं.

लेकीच्या घरी पोचले. इहीणबाईंनी दारातच "जयभीम" केला, म्याबी केला, नि पोरगं माझ्या अंगावर झेपावलं. काय सांगू. दोन दात आलेत खालचे. माझं नाकच धरलं त्यानं, सोडंना. सगळा रस्ता, सगळे ट्रॅक्टर इसरले. ओळखलं का मला? ओळखलं असणार. नंदा म्हणते त्यो सगळ्यांचंच नाक धरतो. धरू दे.

मग मागल्या दारी मोरीकडं गेले. उसाचं वाढं खात उभी. कास भरलेली, पोट मातर बसलेलं. बाजूला करडू न्हाय. मी महिने बोटावर मोजले. एवढ्यात व्यायला नको होती.

"इहीणबाई, हिचं करडू कुठाय?"

"न्हाय झालं."

"न्हाय झालं म्हंजे?"

"तुमी आधी चहा घ्या."

म्या नंदाकडं बघितलं. नंदा खाली बघायला लागली. तवा कळलं, मोरी मधीच गाभडली होती. गाभासंगं पडलेली वार कुत्र्यानं नेली. नि मला कुणी सांगितलं न्हाय.

इहीणबाई म्हणाल्या, "पाळण्यासंगं दिलेली शेळी, तिचा गाभ गेला, हे कोणत्या तोंडानं माहेरला कळवायचं? तुमी म्हणला असता, आमच्या शेळीची हेळसांड केली. दूध तर सुरूच झालं परत. लेकराला मिळतंय."

"लेकराला तापवून देता ना?"

"तापवून कशाला? कासंखाली वाटी धरायची नि तशीच पाजायची. धारोष्ण. अंगाला लागतं."

माझ्या डोक्यात काय झालं ते लिहिता येत न्हाय. रगत तपासायला आले तवा डाक्टरांनी आमा सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं: गाभडलेल्या शेळीला हात लावू नका, वार पुरा, नि दूध उकळल्याशिवाय तोंडाला लावू नका. ह्यो रोग माणसाला होतो. ताप येतो, जातो, परत येतो, सांधे धरतात. म्या इहीणबाईंना हे सांगितलं तर त्या मलाच हसल्या.

"शेळीचा रोग माणसाला? मग उद्या लेकरू म्यां म्यां करायचं."

"करील तवा तुमच्या मांडीवर देते," म्या म्हणलं, नि गुलाबजामाचा डबा परत पिशवीत घातला. बारकेपणा झाला, पण झाला. लोकलाजेपायी गप बसतात नि वर मानपान संभाळला म्हणतात. माझा मान गेला खड्ड्यात, लेकरू काय पित होतं?

त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डाक्टरीणबाईंनी मोरीच्या मानंतनं रगत काढलं, बिल्ल्याचा नंबर नळीवर लिहिला. म्हणाल्या गार ठेवून उद्या धाराशिवला पोचवा, नि पोराला, त्याच्या आईला संगं न्या, त्यांचंबी रगत मोठ्या दवाखान्यात दाखवा. बर्फ कुठनं आणायचा? स्टँडजवळच्या रसवंतीवाल्यानं दिला. चहाच्या थर्मासात बर्फ, बर्फात नळी.

दुसऱ्या दिवशी गाडीत मांडीवर थर्मास, शेजारी नंदा नि पोरगं. समोरच्या शिटावरचा एक म्हातारबा लई येळ थर्मासाकडं बघत होता. शेवटी म्हणाला, "आक्का, घोटभर आमालाबी द्या की."

"रगत हाय. देऊ?"

त्यो वाटंतलं तेर गाव आल्यासारखा उठून मागं जाऊन बसला. पोरगं खिदळलं, नंदा हसली, मला मातर हसू आलं न्हाय. पोराच्या कपाळाला सारखी हात लावत होते. गरम लागायचं, मग खिडकीकडनं ऊन येतंय म्हणून गरम लागतंय असं वाटायचं, मग परत हात लावायचे.

धाराशिवला तपासायच्या ठिकाणी बाकड्यावर बसवलं. दारातनं सगळं दिसत होतं. रगत गोठल्यावर वर जे पाणी येतं त्याचा एक थेंब पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर टाकला, त्यात गुलाबी औषधाचा थेंब, नि काडीनं हलवलं. चांगलं असलं तर तसंच एकसारखं गुलाबी ऱ्हातं. मोरीचं फुटलं. दूध नासल्यावर फुटतं तसं, दाणे दाणे. त्या माणसानं काही बोलायच्या आधीच मला कळलं.

तिथनं आमी माणसांच्या दवाखान्यात. एका टेबलावर शेळीचं नाव काढलं की "आजी, जनावराचा दवाखाना तिकडं." तिकडनंच आलो म्हणलं तर दुसरं टेबल. तिसऱ्या टेबलापाशी म्या आवाज काढला. "लेकरानं रोगी शेळीचं कच्चं दूध पिलंय, ह्यो तपासणीचा कागद. आता कुणीतरी माझ्या नातवाकडं बघा, न्हायतर मी हितंच बसते." सगळी रांग वळून बघायला लागली. मग एक तरुण डाक्टर आला, त्यानं मातर नीट इचारलं. पोराचं नि नंदाचं रगत घेतलं. पोरगं रडलं तवा म्याबी रडले, रागानं.

स्टँडवर बसले नि शांताक्काचा फोन.

"काय निघालं?"

"रोग निघाला."

ती हळू म्हणाली, "मेली म्हण की."

"काय?"

"मोरी मेली म्हण. मेलेलीचं नाव कळपातनं काढतात. तिचं रगत कोण मागतंय? हितल्या सगळ्या चांगल्या निघाल्यात, दाखला होऊन जाईल. जावयाला सांग, बाजारात इकून टाक."

"मोरी गाभण राहिली ती तुझ्याच बोकडाकडनं, शांते. रोग हिकडं लागला का तिकडनं आला, कुणाला ठाव?"

"माझ्या बोकडाचं नाव काढू नको. त्यो पहिल्या खेपेला चांगला निघालाय."

"मोरीबी निघाली होती."

तिनं फोन ठेवला. शांताक्काचं सगळं त्या बोकडावर होतं, मला ठाव हाय. बिल्ला कापला नि मोरी बाजारात नेली तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दुसरी कुणी बाई तिला घरी नेऊन दावणीला बांधील, तिच्याबी घरात लेकरू असंल, त्याच्याबी तोंडाशी वाटी धरतील. धारोष्ण.

ढोकीला परत आले तर तिथंबी तेच. जावईबापू कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतात, गरीब माणूस, मला उलटं बोलत न्हाईत. खाली बघून म्हणाले, "आत्या, बाजारला नेऊ का? निदान काही येईल."

"दुसऱ्याच्या लेकराला पाजायला?"

"मग ठेवून काय करायचं?"

डाक्टरीणबाईंना इचारलं. त्या म्हणाल्या औषधानं रोग जाईल असा भरवसा न्हाय, ठेवली तर जलमभर येगळी ठेवा, नि पुन्हा गाभण राहिली तर पुन्हा हेच. न्हायतर सुई देऊन निजवावी लागेल, खोल खड्डा, वर चुना. जनावर माझं, तवा सांगायचंबी म्याच. म्या निजवा म्हणलं. लेकराची शेळी होती ती. म्या तिला माझ्या हातानं भाकरी चारून मोठी केली होती.

जावईबापूंनी शेताच्या कडंला खड्डा काढला. सगळ्यांत नवल इहीणबाईंचं. जी बाई हसली होती, ती चुन्याची पाटी डोक्यावर घेऊन आली. कुणी सांगितलं नव्हतं. मोरीच्या पुढं वाढं टाकलं, म्हणाल्या, "खा माय." मग मागं फिरल्या नि पदर तोंडात घातला. राग माझा गेला नव्हता. पण निघताना गुलाबजामाचा डबा म्या त्यांच्या चुलीपाशी ठेवला. इटले असतील तोवर, मला ठाव न्हाय.

पोराचं नि नंदाचं रगत चांगलं निघालं, मी ढोकीत असतानाच कळलं. डाक्टर म्हणाले अजून काही दिवसांनी परत तपासू, ताप आला तर लगेच या. म्या नातवाचे इतके पापे घेतले की त्यानं माझं तोंड ढकललं.

घरी आले नि त्याच संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांना दारात बोलावलं. सांगितलं. मोरीत रोग निघाला, ती पुरली, डाक्टरांना कळवलंय, आता सगळ्या कळपाचं परत रगत घेणार, बोकडाचंबी. दाखला थांबला. कुणी मला शिव्या दिल्या न्हाईत, उठून गेल्या नुसत्या. शिव्या बऱ्या असत्या. दुसऱ्या दिवसापासनं नळावर मी गेले की बोलणं बंद. शांताक्काचं गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. तिनं माझ्या दारावरनं जायचं सोडलं, मागनं फिरून जायची.

मलाबी राग हाय. रोगाचा, कुत्र्यानं नेलेल्या वारंचा, लाजंपायी गप बसणाऱ्या बायांचा, टेबला-टेबलांवर फिरवणाऱ्यांचा. म्या काय चूक केली? खरं सांगितलं. तरी नळावर हंडा भरताना मीच खाली बघते.

काल संध्याकाळी शांताक्का आली. दारातच उभी, हातात तांब्या. तिच्या लेकाची पोरगी अजून शेळीचंच दूध पिते.

"राग गेला न्हाय माझा," ती म्हणाली.

"माझाबी न्हाय."

"दूध नुसतं गरम केलं तर चालतं का?"

"न्हाय. वर येऊ दे, मग खाली कर."

"आमच्यात रॉकेलबी न्हाय नि गॅस संपलाय. लाकडं वली हायत."

म्या तांब्या घेतला, दूध पातेल्यात ओतलं नि माझ्या शेगडीवर ठेवलं. ती आत आली. दोघी पातेल्याकडं बघत उभ्या ऱ्हायलो, उकळी येईस्तोवर.